कंबरेचं पिस्तूल आणि शिफारशीचं पत्र

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य



हे पत्र गृहमंत्र्यांना आहे. मुख्यमंत्रीही आपणच आहात, पण गुंतवणूक, महामार्ग, उद्घाटनं यांतलं काहीच पुढे येणार नाही. विषय पिस्तुलाचा आहे.

मी अंबाजोगाईचा. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. बंदुकीशी माझा संबंध एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलने केलेल्या नेमबाजीपुरता, आणि त्यातही माझी एकही गोळी गोलाच्या आसपास गेली नव्हती. पण बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला बंदुकीची ओळख मुद्दाम करून घ्यावी लागत नाही. लग्नात होते, सत्कारात होते, वाळूच्या घाटावर होते.

९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारण्यात आलं. एका पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खटला चालू आहे, त्याबद्दल कोर्ट बोलेल. त्यानंतरच्या गदारोळात उरलेल्या महाराष्ट्राला कळलं, की या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक लोकांकडे शस्त्रपरवाने आहेत. पुण्या-मुंबईचे लोक हबकले. आम्ही नाही हबकलो. आम्हाला आकडा ठाऊक नव्हता, पण माणसं ठाऊक होती. नवे पोलिस अधीक्षक आले, परवान्यांची छाननी झाली, गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने काढून घ्यायला सुरुवात झाली. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. चांगलं झालं, आणि ते आपल्याच खात्याने केलं, हेही लिहायला हवं.

पण एक प्रश्न तेव्हा कुणी नीट विचारला नाही आणि आपण आपणहून त्याचं उत्तर दिलं नाही. हे परवाने दिले कुणी? बाराशे परवाने पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे काही उगवले नव्हते. प्रत्येकामागे अर्ज आहे, पोलिस ठाण्याचा अहवाल आहे, जिल्हाधिकारी कार्यालयातली टिपणी आहे आणि खाली सही आहे. शस्त्र कायद्यानुसार पोलिसांचा अहवाल मागवायचा असतो, कारण तपासायचं असतं. मग ज्या माणसावर खंडणीचा किंवा मारामारीचा गुन्हा आहे, त्याच्या अर्जावर 'हरकत नाही' असं लिहिणारा हात कुणाचा होता? आणि त्या हाताला फोन कुणाचा होता? परवाना रद्द झाला की वर्तमानपत्रात परवानाधारकाची बातमी येते. शिफारस करणारा मात्र पुढच्या कार्यक्रमाला निघून गेलेला असतो.

अर्जातली कारणं ठरलेली असतात. आत्मसंरक्षण, नाहीतर पीकसंरक्षण. रानडुकरांनी उभं पीक लोळवलेला शेतकरी मी पाहिला आहे. सोन्याची पिशवी घेऊन रात्री घरी जाणारा सराफही पाहिला आहे. त्यांना परवाना द्यायला माझी काही हरकत नाही. पण आत्मसंरक्षणाच्या कारणाची एक परीक्षा आपलं खातं दर निवडणुकीला स्वतःच घेतं आणि निकाल न वाचता बाजूला ठेवतं. आचारसंहिता लागली, की छाननी समिती बसते आणि ज्यांची जमा करायची त्यांची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा होतात. बँकेचे सुरक्षारक्षक वगैरे वगळले जातात. म्हणजे राजकारणातल्या माणसाला वैरी जेव्हा खरोखर जास्त असतात, नेमक्या त्याच दिवसांत त्याचं पिस्तूल ठाण्याच्या मालखान्यात पडून असतं. एवढ्या दिवसांत ज्याच्या केसालाही धक्का लागत नाही, त्याच्या जिवाला कसला धोका होता, हे निकाल लागल्यावर शस्त्र परत देताना एकदा तरी विचारावं की नाही?

पिस्तूल आमच्याकडे वापरण्यासाठी नसतंच. ते दिसण्यासाठी असतं. अलीकडे एका लग्नात मी मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. मंगलाष्टकं अर्ध्यावर आली असताना तीन-चार गाड्या लागल्या. पांढरे कपडे, हातात कडं, आणि शर्ट एका बाजूला, नेमका तिथेच, आत खोचलेला. कातड्याचं पाकीट आणि त्यातून डोकावणारी मूठ दिसेल एवढाच. माइकवाल्याने मंगलाष्टक थांबवून नाव पुकारलं. नवरदेवाच्या बापाने पुढच्या सोफ्यावरून आपल्या साडूला उठवलं आणि पाहुण्यांना बसवलं. फेटा बांधला गेला. त्या गृहस्थांचा व्यवसाय काय, हे मी शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला, "गुत्तेदार आहेत, सर." कशाचे, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेजारी माझा जुना विद्यार्थी होता. त्याचं लक्ष वधूवरांकडे नव्हतं, त्या खोचलेल्या शर्टाकडे होतं.

गुत्तेदारी हा आमचा खरा उद्योग आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, गोदावरीची वाळू, रस्त्यांची कामं, डोंगरपट्ट्यावरच्या पवनचक्क्या, आता सोलर. फारशी कारखानदारी नसलेल्या जिल्ह्यात पैसा येतो तो याच दारांनी, आणि प्रत्येक दाराशी कुणीतरी उभं असतं. मी वर्गात शिकवायचो, की स्पर्धेत कमी भाव सांगणाऱ्याला काम मिळतं. पोरं गालात हसायची. त्यांना माहीत असायचं, की आमच्याकडे टेंडर 'मॅनेज' होतं. भाव पाडण्यापेक्षा समोरच्याला टेंडर भरूच न देणं स्वस्त पडतं. त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही. बोलणी चालू असताना पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं, पाण्याचा ग्लास मागवला, की पुरतं. परवान्याचं असेल तर आणखी बरं, कारण मग धमकी देणाऱ्याच्या खिशात सरकारचाच कागद असतो. समोरच्याला संदेश पोचतो, की याच्यामागे जिल्हा प्रशासन आहे, ठाणं आहे आणि ज्याच्या फोनवर हे जमलं तोही आहे.

संतोष देशमुखांना गोळी घातली नव्हती, हे मी विसरलेलो नाही. त्यांना पाइपने, काठ्यांनी मारलं, असं आरोपपत्र सांगतं. म्हणून काहीजण म्हणतात, बंदुकीचा आणि त्या खुनाचा संबंध काय? माझ्या मते संबंध आहे. ज्या मुलखात वर्षानुवर्षं पिस्तूल मिरवलं गेलं आणि कुणी हटकलं नाही, तिथे दिवसाढवळ्या सरपंचाला गाडीत घालून न्यायची हिंमत येते. आणि गोळीच हवी असेल तर तीही आहे. त्याच वर्षी जूनच्या शेवटी मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांचा परळी शहरात गोळ्या घालून खून झाला होता. सहा महिन्यांत एका जिल्ह्यात दोन सरपंच. पहिल्या खुनाने महाराष्ट्राची झोप मोडली नाही. मोडली असती तर कदाचित दुसरा टळला असता. हे माझं मत आहे, पुरावा मागू नये.

आता पोरांविषयी. मला खरं तर त्यांच्याचविषयी लिहायचं आहे.

पहाटे पाचला आमच्या परळी रस्त्यावर या. डांबरीच्या कडेने पोरं धावताना दिसतील. पोलिस भरतीची तयारी. सोळाशे मीटरची वेळ मोबाइलवर लावलेली, गोळाफेकीचा गोळा कुणाच्या तरी पिशवीत. यांतल्या कितीकांचे आई-बाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लहानपणी हे पोर पाचटाच्या कोपीत तरी राहिलेलं असतं, नाहीतर आजीजवळ गावात. त्याला उसाच्या फडात परत जायचं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. जिरायत जमीन दोन-तीन एकर, पाऊस बेभरवशाचा, सोयाबीनचा भाव आपल्याला ठाऊकच आहे. भरती निघते कधीतरी. जागा थोड्या, अर्ज लाखांत. एक भरती हुकते, दुसरी पेपरात जाते, तिसरीत वय निघून जातं. लग्नाच्या बाजारात नोकरी नसलेल्या पोराला कुणी उभं करत नाही. मुलगी पाहायला जायची पाळीच येत नाही.

अशा वेळी गावात एक 'भाऊ' असतो. त्याच्या गाडीत मागे बसायला मिळतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत का होईना, फोटो येतो. चहा-नाश्ता निघतो, पेट्रोल निघतं, ठाण्यात कुणी ओळखीने हाक मारतं. बापाचं तहसीलमधलं अडलेलं काम एका फोनवर होतं. जे शाळेने दिलं नाही, बँकेने दिलं नाही, सरकारने दिलं नाही, ते भाऊ देतो, आणि बदल्यात मागतो फक्त हजेरी. मग एक दिवस तलवारीने केक कापला जातो. मग कुणाच्या तरी कंबरेचं पिस्तूल हातात घेऊन रील काढलं जातं, पाठीमागे गाणं लावून. पोलिस त्या पोराला उचलतात, माफीचा व्हिडिओ काढून घेतात, वर्तमानपत्रात येतं, 'रीलस्टारची मस्ती उतरवली'. पिस्तूल कुणाचं होतं, हे शेवटच्या ओळीत असतं किंवा नसतंच.

हे बीडपुरतं असतं तर पत्र पालकमंत्र्यांना लिहिलं असतं. पुण्यातही तेच, फक्त तिथे राखेच्या जागी जमीन आहे. हिंजवडीच्या आजूबाजूला, मुळशीत, जमिनीला सोन्याचा भाव आला, बापाने ती विकली, पैसा गाड्यांत आणि लग्नांत गेला आणि पोराच्या हातात शेतीही उरली नाही, कंपनीतली नोकरीही नाही. उरला तो प्लॉटचा ताबा घेणं-सोडवणं हा धंदा. यावर सिनेमाही येऊन गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काहींनी त्यातून नेमका उलटा धडा घेतला.

गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या गोळीबारांत चाप कुणी ओढला, ते बघा. ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात शरद मोहोळला मारलं ते त्याच्याच भोवती वावरणाऱ्या पोरांनी. मुख्य आरोपी विशीतला. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, वांद्र्यात बाबा सिद्दिकींवर गोळ्या झाडणाऱ्यांत, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, उत्तर प्रदेशातून येऊन पुण्यात भंगाराच्या दुकानात काम करणारा एक तरुण होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनात १० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. त्यांतला एक तेव्हाच्या औरंगाबादेत कापडाच्या दुकानात नोकरीला होता. टोळीचा सूड, बड्या माणसाची सुपारी आणि विचारवंताचा खून, तिन्हींची कारणं निरनिराळी आहेत, ती एका पोत्यात भरणं चूक. पण चापावरचं बोट तिन्हीकडे बस्तान बसलेल्या माणसाचं नव्हतं. ते ज्याची गणना कुठेच नाही, अशाचं होतं. आणि दाभोलकर प्रकरणात तर निकाल लागला तेव्हा ११ वर्षं होत आली होती, तरी बोटामागचा मेंदू कोर्टापुढे उभा राहिला नाही, याची नोंद निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनीच घेतली.

पिस्तूल येतं कुठून, हे आपल्या पोलिसांना पाठ आहे. 'एक गावठी बनावटीचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे' हे वाक्य आमच्या जिल्हा पानावर इतक्यांदा छापून येतं, की छापखान्यात त्याचा खिळा कायमचा जुळवून ठेवत असावेत. चोपडा तालुक्यातून सातपुड्याकडे गेलं, की पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. तिथे शिकलगार समाजातले कारागीर भट्टीवर कट्टे घडवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पोलिसांवर तिथे हल्ला झाला, एका हवालदाराला जमावाने उचलून नेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिस मोठी कुमक घेऊन थेट त्या गावात शिरले, भट्ट्या मोडल्या, तीसहून अधिक लोकांना ताब्यात घेतलं. पुणे पोलिसांनी थेट परराज्यातलं गाव गाठावं, यावरूनच मागणी किती आणि कुठे आहे ते कळतं. शस्त्रांना धार देणं, ती घडवणं हे ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलं, त्यांच्या हाताला दुसरं काम कुणी दिलं नाही. भट्टी मोडली की महिन्याभरात दुसरी पेटते, कारण लोखंड मिळतं, कसब असतं आणि गिऱ्हाईक दाराशी उभं असतं. ते गिऱ्हाईक आपल्याकडचं आहे.

बेकायदा कट्टा आणि परवान्याचं पिस्तूल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं आपलं खातं मानतं. मला त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या वाटतात. वरच्या पायरीवरचा जे मिरवतो, त्याची स्वस्त नक्कल खालच्या पायरीवरचा उमर्टीहून आणतो.

आणि वरची पायरी किती वर जाते, तेही आता बोलायला हवं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, आपल्या पक्षाचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी मित्रपक्षाच्या शहरप्रमुखावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा. सीसीटीव्हीचं चित्रण साऱ्या राज्याने पाहिलं. गोळ्या झाडल्याचं त्यांनी स्वतः वाहिनीला फोनवर सांगितलं, मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून, असं कारण दिलं. खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या पक्षाने त्यांच्या पत्नीला उमेदवारी दिली, त्या निवडून आल्या. पत्नीला वेगळी व्यक्ती म्हणून उमेदवारीचा हक्क आहेच. परळी रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोराने यातून काय समजायचं, एवढंच मी विचारतो. उल्हासनगरच्या त्या गोळीबारानंतर सहाच दिवसांनी मुंबईत फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना गोळ्या घातल्या गेल्या. पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाचं, परवाना उत्तर प्रदेशातला, असं तपासात पुढे आलं. म्हणजे कट्टा नव्हे, कायदेशीर शस्त्र.

२०२५ मधली गोष्ट तर आपल्या खात्याच्या आतलीच आहे. पुण्यातल्या एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाने परवाना मागितला. पुणे पोलिसांनी नाकारला. त्याने अपील केलं आणि गृह राज्यमंत्र्यांनी ते मंजूर केलं. त्याच्यावर कोणताही गुन्हा प्रलंबित नव्हता, असं राज्यमंत्र्यांचं म्हणणं. गवगवा झाल्यावर कळलं, की पोलिस आयुक्तांनी परवाना प्रत्यक्ष हातात दिलाच नव्हता. आयुक्तांचं कौतुक वाटलं. पण पोलिसाला मंत्र्याच्या आदेशावर बसून राहावं लागणं, ही काही चांगल्या कारभाराची खूण नव्हे. पुढचा आयुक्त बसून राहील कशावरून? बीडमध्ये किती अधिकारी बसून राहिले असतील आणि किती उठून सही करून मोकळे झाले असतील?

उत्तर प्रदेशाच्या मानाने आपण बरे, हे मला मान्य आहे. २०१६ अखेरच्या आकडेवारीत देशात ३३ लाखांवर परवाने होते, त्यातले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्र लाखाच्या आत. पण म्हणूनच हे आत्ता आवरता येईल. लग्नात गोळीबार करणं हा मान समजण्यापर्यंत आपण अजून सरसकट पोचलेलो नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. कायदा कमी पडलेला नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. बीड जिल्ह्यात गेल्या १५ वर्षांत दिलेल्या प्रत्येक शस्त्रपरवान्यापुढे कोणत्या ठाण्याने काय अहवाल दिला, कुणी सही केली आणि कुणाचं शिफारशीचं पत्र फाइलीला जोडलेलं आहे, याची यादी करा आणि लोकांसमोर ठेवा. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याचा पत्ता झाका, नावही झाका, पण शिफारस करणाऱ्याचं नाव झाकायचं कारण नाही. त्याला कसला धोका? ज्याच्या शिफारशीने दिलेला परवाना गुन्ह्यामुळे रद्द झाला, त्याची पुढची शिफारस स्वीकारू नका. अपिलात मंत्र्याने पोलिसांचा नकार फिरवला, तर त्याची कारणं लेखी आणि जाहीर असू द्या. आणि पकडलेल्या प्रत्येक कट्ट्यामागे तो कुणी घडवला एवढ्यावर तपास न थांबवता पैसे कुणी मोजले, हे आरोपपत्रात येऊ द्या. बीडच्या ठाण्यांत पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढली गेली, जातीवरून माणूस जोखला जाऊ नये म्हणून. ते जमलं. मग फाइलीवरची आडनावं उघड करणंही जमावं.

भरतीचं वेळापत्रक हाही गृहखात्याचाच विषय आहे. दरवर्षी ठरल्या महिन्यात, ठरल्या तारखेला, पेपर न फुटता भरती झाली, तर भाऊच्या गाडीत बसणारी निम्मी पोरं मैदानावर राहतील, असं मला चाळीस बाकांच्या वर्गांकडे पाहून वाटत आलं आहे. यासाठी वित्त खात्याशी भांडावं लागेल. आपण भांडू शकता.

यादी तयार झाली तर ती आधी बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावा. मी वाचायला येईन, आणि केज, परळी, गेवराई, माजलगावहून येणाऱ्यांची गर्दी होईल. त्या दिवशी तिथे बंदोबस्त थोडा जास्त ठेवावा लागेल.

आपला,
अंबाजोगाईचा एक रहिवासी